देवडीसमोरची छत्री

"अहो, छत्री मिटवा," मी म्हटलं.

"का?"

"देवडी आली."

ह्यांनी समोर पाहिलं. राजवाड्याचा भला मोठा दरवाजा, वर नगारखाना, खाली भाले घेतलेले दोन शिपाई. आमच्या आळीला जायचा रस्ता नेमका त्याच्यासमोरून होता. टांगा आम्ही अलीकडेच सोडला होता, कारण माणगडात देवडीसमोरून कोणी बसून जात नसे.

"महाराज आत आहेत का?" ह्यांनी विचारलं.

"नाहीत. शिकारीला गेलेत म्हणे."

"मग छत्री कोणासाठी मिटवायची? दरवाज्यासाठी?"

हा प्रश्न मला जन्मात पडला नव्हता. माणगडच्या पोराला चालता येऊ लागलं की आई पहिलं हेच शिकवायची. देवडी दिसली की छत्री मिटायची, चपला हातात घ्यायच्या, मान खाली घालायची. राजा आत असो नसो. हे बोलत होते तोवर माझ्या चपला हातात आल्यासुद्धा होत्या.

बेचाळीस सालचा अधिक ज्येष्ठ होता. लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना, म्हणून आबांनी जावयाला बोलावलं होतं. घरी अनारसे तळून तयार होते. मला पाचवा महिना लागला होता आणि ऊन असं होतं की अनवाणी पाऊल टाकलं की मी पटकन उचलत होते.

ह्यांनी माझे पाय बघितले. "चपला घाल आधी," ते म्हणाले. "आणि छत्री काही मी मिटत नाही. तुझ्या डोक्यावर आहे ती, माझ्या नाही."

माझं सासर तळसंगीचं. माणगडाहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाची वाट, मधे एक ओढा. ओढ्याच्या अलीकडे एक राजा, पलीकडे दुसरा. पण तळसंगीच्या राजानं काही वर्षांपूर्वी आपल्याच हातानं लिहून दिलं होतं, की कोणाला धरायचं, कोणाला सोडायचं, काय वसूल करायचं, यातलं काहीही आम्ही एकट्याच्या मर्जीनं करणार नाही. सभा ठरवील, कोर्ट ठरवील. एकदा त्यांना नवा रस्ता आपल्या आमराईवरून हवा होता. सभेनं तो महारवाड्याच्या विहिरीवरून नेला. राजेसाहेब दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत म्हणे, पण रस्ता विहिरीवरूनच गेला. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर. त्यांना वाटायचं, राजा म्हणजे असाच असतो, रुसणारा.

देवडीवरून एक माणूस धावत आला. सुभाना जमादार. आमच्या शेजारच्याच घरातले, मला लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवणारे. मला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि छत्री बघून लगेच पडला.

"मास्तर, छत्री मिटवा," ते हळू आवाजात म्हणाले.

"जमादार, तिला दिवस गेलेत. दहा पावलांत आम्ही पुढे जातो."

"पाया पडतो तुमच्या, मिटवा. गेल्या दिवाळीत म्हादू शिपायानं एका पाव्हण्याकडं काणाडोळा केला. त्यो अजून आत हाय."

"कोणत्या कायद्यानं?"

सुभानाकाकांनी माझ्याकडे बघितलं. हा कुठली भाषा बोलतोय, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. मी छत्रीची मूठ ओढली. ह्यांनी ती घट्ट धरली. तेवढ्यात नगारखान्याच्या सज्जातून कोणीतरी ओरडलं, "जमादार! काय चाललंय तितं?"

वरून बघितलं गेलं होतं. आता काकांच्या हातात काही उरलं नाही. त्यांनी ह्यांच्या दंडाला धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, छत्री तू घे. घरला जा."

मी छत्री घेतली. मिटली. चपला हातात घेतल्या आणि मान खाली घालून देवडीसमोरून घरी गेले. नवऱ्याला डोळ्यांदेखत धरून नेलं तरी माझे पाय शिकवल्याप्रमाणेच चालले, याचा मला आजही धक्का बसतो.

आबा सरकारांच्या बग्गीखान्यात होते. सरकारांची बग्गी हाकण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते म्हणाले, "घाबरू नगंस. सरकार देवमाणूस हाय. शिकारीवरनं येऊ दे, एका शब्दात सोडतील."

निरोप गेला तसे तळसंगीहून माझे थोरले दीर आले. ते तिथल्या कोर्टात वकील. ओसरीवर बसून त्यांनी कागद काढला आणि आबांना विचारलं, "कलम कोणतं लावलंय?"

"कलम?" आबा म्हणाले.

"बरं, शिक्षा किती दिवसांची?"

"शिक्षा कुटं झालीय? नुसतं धरलंय."

"मग सोडवण्याचा अर्ज कोणाकडे करायचा?"

"सरकारांकडं."

"आणि धरलं कोणाच्या हुकमानं?"

"सरकारांच्याच की!"

भाऊजींनी कागद घडी करून खिशात ठेवला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. माणगडात चढायला पायरीच नव्हती. "द्वारका," ते म्हणाले, "माझं इथं काम नाही. तू जा आणि रड. इथं तेवढंच चालतं."

त्यांचा मला संताप आला. एवढं शिकलेला माणूस आणि म्हणे रड. पण सरकार परत आले त्या सकाळी मी आबांच्या मागून राजवाड्याच्या चौकात गेले, आणि खरोखरच रडले.

सरकार झोपाळ्यावर बसून आंबा चोखत होते. गोरेपान, हसरे, डोळ्यांत मिश्किली. मी त्यांना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं राक्षस असेल. त्यांनी आंबा बाजूला ठेवून माझं सगळं ऐकून घेतलं. आबांच्या तोंडून शब्द फुटेना तेव्हा "बोल रे, घाबरतोस काय, आमची बग्गी हाकताना तर घाबरत नाहीस," असं म्हणून त्यांनाही हसवलं. मग एकदम गंभीर झाले.

"छत्रीसाठी धरलं? पोरगी दोन जिवांची, रस्ता तापलेला, आणि नवऱ्यानं छत्री धरली म्हणून त्याला कोंडलं? आमच्या राज्यात?"



"आणा त्याला. आत्ता."

राजा बोले दळ हाले. ह्यांना आणलं. दाढी वाढलेली, सदरा मळलेला, पण धडधाकट होते. सरकारांनी माझ्या अंगावर जरीची शाल घालायला लावली. "आजपासून तू आमची लेक," ते म्हणाले. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मनापासून ठेवलं. वाटलं, राजा असावा तर असा! आमच्या तळसंगीचा असता तर म्हणाला असता, अर्ज करा, तारीख पडेल. खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मला माझ्या माहेरच्या राजाचा अभिमान वाटला.

"देवडीवर कोण होता?" सरकारांनी विचारलं.

सुभानाकाका पुढे आले. मुजरा केला.

"तू धरलंस याला?"

"जी सरकार. हुकूम हाय तसा..."

"उन्हात उभ्या पोरीची दया आली नाही तुला?" सरकार अजूनही हसत होते. "उन्हात उभं राहायची ताकद फार आहे वाटतं तुझ्यात. आता थोडा सावलीत बस. ह्याचा पट्टा काढा आणि ह्याला आत टाका. आमच्या लेकीचं बाळ आमच्या पायावर घातलं जाईल, त्या दिवशी सोडा."

"वाहवा," कोणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणाले. किती छान न्याय, किती गोड शिक्षा. काकांच्या कमरेचा पट्टा निघाला. त्यांचे हात तसेच मुजऱ्याच्या जागी राहिले होते. माझ्या अंगावर ती शाल होती आणि मला कळेना की हे आत्ता काय झालं.

"महाराज," आवाज ह्यांचा होता. "जमादारांचा काय गुन्हा? त्यांनी तुमचाच हुकूम पाळला."

सरकारांनी मान वळवली. हसू तसंच होतं, फक्त त्यातलं काहीतरी विझलं. "मास्तर, आमचा हुकूम काय होता, ते तुम्ही आम्हाला सांगणार?"

मी ह्यांचा हात नखं रुतेपर्यंत दाबला. आबा सरळ जमिनीवर आडवे झाले. सरकारांनी ते बघितलं, त्यांना पुन्हा हसू आलं, आणि त्यांनी आंबा उचलला. आम्ही पाठ न दाखवता मागे मागे सरत बाहेर आलो.

बाहेर आल्यावर मी ह्यांच्यावरच उसळले. "कशाला तोंड उघडलंत? सुटला होतात ना?"

"आत आम्ही चौघं होतो," हे म्हणाले. "म्हादू शिपाईपण होता. एका म्हाताऱ्याला मी विचारलं, तुमचा गुन्हा काय? तर म्हणाला, सरकारांना माहीत. कधी सुटणार? तेही सरकारांना माहीत." थोडं चालून ते थांबले. "द्वारका, सरकारांना तरी माहीत असेल का गं?"

आम्ही आळीत शिरलो. शेजारच्या दारात जमादारांची बायको, तानूकाकी, उभी होती. तिच्यापर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. ती माझ्या पोटाकडे बघत राहिली.

त्यानंतरचे महिने माझ्या पोटात मूल नव्हतं, एका माणसाची सुटका वाढत होती. तळसंगीला सासूबाई जपत होत्याच, पण माणगडाहून तानूकाकी कोणाच्या ना कोणाच्या हाती तूप पाठवायची, डिंकाचे लाडू पाठवायची. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, म्हणून सातव्या महिन्यात मी पुन्हा माणगडला आले. तेव्हापासून तर ती मला खरकटं ताटसुद्धा उचलू देईना. रोज दुपारी ती कैदखान्यावर भाकरी घेऊन जायची. आत काही द्यायची परवानगी नव्हती. पण हैबती दारोगा भला माणूस. ती आली की तो पाठ करून तंबाखू मळत बसायचा, आणि ती गजांतून भाकरी आत सरकवायची.

आश्विनात मी बाळंत झाले. मुलगा होता. रडलाच नाही.

सुईणीनं त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. मग ती थांबली आणि तिनं दिव्याची वात उगीचच वर केली. मी आक्रोश केला असेल, आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की दाराशी तानूकाकी मटकन खाली बसली आणि तिच्या तोंडून "आता गं?" एवढंच निघालं. माझं मूल गेलं होतं, आणि तिचा नवरा.

आबा दोन दिवस कामाला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते माझ्या उशाशी येऊन बसले. "मी इचारून आलो," ते म्हणाले. "कारभाऱ्याला म्हनलं, मूल न्हाई राहिलं तर जमादाराचं काय? त्यो म्हनला, हुकूम बाळ पायावर घालायचा हाय. दुसरा हुकूम न्हाई. सरकारांना इचारायला मी काय येडा हाय? मग इचारतोय, कुनाचं मूल गेलं? म्या म्हनलं, कुनाचंच न्हाई, नुसती आपली शंका इचारतोय."

मी आबांकडे बघत राहिले. या माणसानं जन्मात सरकारांच्या दारात खोटा शब्द उच्चारला नव्हता. त्यांनी मान वर केली नाही. "कारभाऱ्याला ठावं न्हाई," ते पुटपुटले. "आळीत कुनी बोलनार न्हाई."

तेव्हा तानूकाकी आत आली. तिच्या हातात तिच्या सुनेचं मूल होतं, पितृपक्षात जन्मलेलं. तिनं ते माझ्या मांडीवर ठेवलं. "आजाला सोडवून आन बये," ती म्हणाली.

माझ्या छातीला दूध आलं होतं. पोरानं माझ्याकडे तोंड वळवलं आणि ते लुचू लागलं. काय वाटलं ते मला सांगता येत नाही. मी रडत होते आणि ते पीत होतं.

हे तळसंगीहून आले तेव्हा मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हे तत्त्व काढतील. ते म्हणाले, "मीही येतो. बाप बरोबर नसला तर संशय येईल."

मी चालण्याजोगी झाले तशी आम्ही निघालो. आबांच्या हातात पेढे, माझ्या हातात दुसऱ्याचं मूल, ह्यांच्या हातात तीच छत्री. ऑक्टोबरचं ऊन होतं. देवडी अजून लांब होती तोच ह्यांनी छत्री मिटली आणि वाकून चपला हातात घेतल्या. कोणी सांगितलं नव्हतं. मला त्या क्षणी जेवढा धक्का बसला, तेवढा त्यांना धरून नेलं तेव्हाही बसला नव्हता.

सरकार झोपाळ्यावरच होते. मी मूल त्यांच्या पायावर घातलं. त्यांनी ते चक्क उचललं, मांडीवर घेतलं, त्याची हनुवटी हलवली. पोर हसलं. मग सरकारांच्या कपाळाला आठी पडली.

"काय गं, एवढे कान कोणाचे? मास्तरांचे तर एवढे नाहीत."

सुभानाकाकांचे कान सुपाएवढे होते. उभ्या माणगडात तसे कान दुसऱ्या कोणाचे नव्हते. चौकातले निम्मे लोक आमच्या आळीला ओळखत होते, आणि त्यातला एकही हलला नाही.

"माझ्या आईकडचे, सरकार," मी म्हटलं. "आजोबांचे."

"तुझंच ना?"

"माझंच, सरकार."

ते खळखळून हसले. "कान मोठे म्हणजे भाग्यवान. काय हवं तुला? माग."

"सरकार, सुभाना जमादार."

"कोण?"

मला वाटलं मी हळू बोलले. पुन्हा म्हटलं, "सुभाना जमादार, सरकार. देवडीवरचे. आपण म्हणाला होतात, बाळ पायावर घातलं की..."

सरकार माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. राग नव्हता, आठवण नव्हती, काही नव्हतं. कारभारी वाकून त्यांच्या कानात काहीतरी बोलला.

"अच्छा, तो! अजून आत आहे?"

मी सुन्न झाले. उन्हाळ्यापासून एक माणूस गजाआड होता. एक बाई रोज भाकरी नेत होती. मी माझं मेलेलं मूल लपवून दुसऱ्याचं छातीशी धरून आले होते. आणि ज्याच्या शब्दासाठी हे सगळं चाललं होतं, त्याच्या तो लक्षातही नव्हता! शाल द्यावी तसा त्यांनी तो हुकूम दिला होता आणि आंबा खाता खाता विसरूनही गेले होते.

"अरे, मग आम्हाला आठवण कोणी का दिली नाही?" सरकार खरोखर कळवळले. ते नाटक नव्हतं, याचीच मला जास्त भीती वाटली. "इतके महिने एका गरिबाला डांबून ठेवता? आम्ही काय सैतान आहोत? सोडा त्याला, आत्ताच्या आत्ता. कैदखान्याचा दारोगा कोण आहे?"

कारभाऱ्यानं नाव सांगितलं.

"त्याला तोंड नव्हतं, येऊन सांगायला? त्याच कोठडीत टाका त्याला. समजू दे, आत बसणं काय असतं ते."

"वाहवा," लोक म्हणाले.

"किती दिवस, सरकार?" कारभाऱ्यानं विचारलं.

पण सरकार बाळाशी बोलत होते. त्यांना ऐकू गेलं नाही. कारभाऱ्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

हे माझ्या शेजारी उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. मी या वेळी त्यांचा हात दाबला नव्हता.

कैदखान्यासमोर आख्खी आळी जमली होती. तानूकाकीनं आरतीचं ताट आणलं होतं. हैबती दारोग्यानं आपल्याच हातानं कोठडीचं कुलूप काढलं. त्याच्या मागे दोन शिपाई उभे होते. किल्ली त्यानं त्यांच्यातल्या एकाच्या हातावर ठेवली. थोड्या अंतरावर त्याची बायको उभी होती. कशासाठी बोलावलंय, ते तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

सुभानाकाका बाहेर आले. केस पांढरे झाले होते. उजेडानं डोळे मिचकावत ते तानूकाकीकडे आले, मग माझ्या हातातल्या पोराकडे त्यांचं लक्ष गेलं. ते कान बघून त्यांना सगळं समजलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात किती तरी वेळ तिथंच होता.

मागे कोठडीचं दार लागलं. कडी घातल्याचा आवाज झाला.

काकांनी मागे वळून बघितलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "माझ्या जागी कोन?"

आबा म्हणाले, "हैबती."

काकांनी डोळे मिटले. तानूकाकीनं ओवाळायला ताट उचललं, ते त्यांनी हातानं खाली केलं. मग दूर उभ्या त्या बाईकडे बघून ते बायकोला म्हणाले, "जा, तिला सांग. भाकरी पातळ थाप म्हणावं. जाड भाकरी गजातनं आत येत न्हाई."